विश्लेषण : हायड्रोजनसाठी प्लॅटिनम कमी केले, पण अडचण सुटली का?

'पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यासाठी प्लॅटिनमला स्वस्त पर्याय' अशा आशयाची बातमी महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेतून येतेच. त्यामागचे संशोधन बहुतेक वेळा प्रामाणिक असते. तरीही हरित हायड्रोजन अजून महागच आहे. असे का होते, हे समजण्यासाठी इलेक्ट्रोलायझरच्या आत डोकवावे लागते.

प्लॅटिनम लागतेच कशाला?

पाण्याचे विद्युत अपघटन शाळेतही करून दाखवतात. ऋणाग्रावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, धनाग्रावर ऑक्सिजनचे. सिद्धांतानुसार यासाठी १.२३ व्होल्ट पुरतात. कारखान्यात मात्र १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. वरची वीज उष्णता होऊन वाया जाते. हा तोटा कमी करणे हे उत्प्रेरकाचे काम.

ऋणाग्रावर हायड्रोजनचा अणू आधी धातूला चिकटतो, मग दुसऱ्या अणूशी जोडी जमवून वायूच्या रूपात सुटतो. धातूची पकड सैल असेल तर अणू चिकटतच नाही, घट्ट असेल तर सुटत नाही. प्लॅटिनमची पकड जवळपास नेमकी आहे. अडचण एवढीच की ते महाग आहे आणि जगातल्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते.

त्याचा वापर कमी कसा करतात?

ही अभिक्रिया फक्त पृष्ठभागावर होते, म्हणजे कणाच्या पोटात दडलेले प्लॅटिनम बसून खाते. म्हणून काही नॅनोमीटर आकाराचे कण कार्बनवर पसरवतात. कुणी स्वस्त धातूच्या गाभ्यावर प्लॅटिनमची पातळ साल चढवते, तर कुणी एकेक सुटा अणू आधारावर बसवते. प्लॅटिनम पूर्ण टाळण्याचेही प्रयत्न आहेत. तेल शुद्धीकरण कारखान्यांत गंधक काढण्यासाठी वापरले जाणारे मॉलिब्डेनम सल्फाइड त्याच्या कडांवर हे काम करू शकेल, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले.

पण सर्वात बोलका प्रयोग म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातला आहे. तिथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ऋणाग्रावरचे प्लॅटिनम दर चौरस सेंटिमीटरला ०.३ मिलिग्रॅमवरून ०.०२५ मिलिग्रॅमवर आणले. बारापट कपात करूनही कामगिरीत जाणवण्याजोगा फरक पडला नाही.

मग अडचण कुठे आहे?

पलीकडच्या टोकाला, म्हणजे धनाग्रावर. 'पेम' प्रकारच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये आम्लधर्मी पडदा असतो. एकीकडे आम्ल, दुसरीकडे ऑक्सिजन आणि वर जास्त व्होल्टेज. अशा ठिकाणी बहुतेक धातू विरघळतात किंवा गंजतात. दीर्घकाळ टिकते ते मुख्यतः इरिडियम, आणि त्याचे जगातले वार्षिक उत्पादन आहे जेमतेम सात-आठ टन. इरिडियमचे दागिने फारसे होत नाहीत, म्हणून कदाचित त्याची बातमीही होत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहता येतो. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इरिडियम आणि ४ वॉट वीज धरली, तर १ गिगावॉट क्षमतेसाठी ५०० किलो लागते. भारताला २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन बनवायचा आहे. त्यासाठी किमान ६० गिगावॉटचे इलेक्ट्रोलायझर लागतील. ते सगळे पेम प्रकारचे घेतले तर ३० टन इरिडियम हवे, म्हणजे साऱ्या जगाचे चार वर्षांचे उत्पादन.

अर्थात सगळे पेम असणार नाहीत. निकेल वापरणारे अल्कली इलेक्ट्रोलायझर जुने आणि भरवशाचे आहेत. पंजाबमधील नांगलचा खत कारखाना भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढत असे, ही १९६० च्या दशकातली गोष्ट. पण ढग आला की उतरणाऱ्या आणि वाऱ्याबरोबर चढणाऱ्या विजेशी पेम यंत्र अधिक चटकन जुळवून घेते. म्हणून त्याचा मोह सुटत नाही.

प्रयोगशाळेतले विक्रम कारखान्यात का टिकत नाहीत?

बहुतेक शोधनिबंधांत उत्प्रेरकाची तुलना दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर प्रवाहावर होते. पेम यंत्रात हाच प्रवाह १ ते २ अँपिअर असतो, म्हणजे शंभर ते दोनशे पट. शिवाय प्रयोगात काही तास किंवा दिवस टिकलेल्या उत्प्रेरकाला कारखान्यात काही वर्षे टिकायचे असते.

एक गमतीदार गफलतही या क्षेत्रात गाजली आहे. 'प्लॅटिनममुक्त' उत्प्रेरक तपासताना समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचाच ठेवला, तर त्यातले थोडे प्लॅटिनम विरघळून नव्या उत्प्रेरकावर जाऊन बसते. मग तो झकास चालतो! आता अनेक संशोधक समोर कार्बनची कांडी वापरतात.

भारताने काय करायला हवे?

जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचा खर्च १९,७४४ कोटी रुपये आहे. त्यात संशोधनासाठी ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के. उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी १७,४९० कोटी. कारखाने उभे राहायला हवेत, यात वाद नाही. पण त्यांच्या आतला पडदा आणि उत्प्रेरक परदेशातूनच आला, तर आज तेलासाठी जसे बाहेर पाहावे लागते तसे उद्या इरिडियमसाठी पाहावे लागेल.

खर्चाचा मोठा वाटा विजेचाच असतो. एक किलो हायड्रोजनला ५० हून अधिक युनिट वीज जाते. उत्प्रेरक सुधारून ०.१ व्होल्ट वाचवला तरी किलोमागे सुमारे २.७ युनिट वाचतात. ५० लाख टनांवर हीच बचत वर्षाला १,३०० कोटी युनिटच्या पुढे जाते. ती मिळवायची तर कमी इरिडियमच्या धनाग्रांवर आणि खऱ्या प्रवाहावर हजारो तास चालणाऱ्या चाचण्यांवर पैसा लावावा लागेल. अशा चाचण्यांतून चटकन शोधनिबंध निघत नाहीत. त्यामुळे एकेकट्या प्रयोगशाळेवर हे काम सोडून चालणार नाही. देशातल्या सर्वांना वापरता येतील अशी चाचणी केंद्रे सरकारलाच उभारावी लागतील.