दत्तकाची रांग नेमकी कोठे लागते?

सरकारमान्य मार्गाने मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या दांपत्यांची तक्रार हल्ली सर्वत्र एकाच सुरात ऐकू येते. नोंदणी करून तीन-तीन वर्षे लोटतात; समाजसेविका घर पाहून जाते, पण तिचा अहवाल कोठे अडला ते कळत नाही; आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत, नातलगांत मात्र 'काय झाले तुमचे?' या प्रश्नाला रोज तोंड द्यावे लागते. यावर जो उपाय सुचविला जातो तोही ठरीव आहे : ही घराची चौकशी बंद करा, कागद कमी करा, ज्याला मूल हवे त्याला ते देऊन टाका. तक्रार खरी आहे. उपाय मात्र घातक आहे, आणि तो घातक का आहे हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. 'लालफीत नको, मोकळीक द्या' ही घोषणा वीज, शिक्षण, आरोग्य यांना ज्या सहजतेने लागू झाली, त्याच सहजतेने ती उद्या अनाथालयांच्या दारात येऊन उभी राहील.

प्रथम आकडे पाहू. संसदेच्या विधी व न्यायविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये पालकत्व व दत्तक कायद्यांचा आढावा घेणारा अहवाल सादर केला. त्यानुसार डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे, २७,९३९ इच्छुक पालकांची नोंद होती. २०१७ साली ती सुमारे १८,००० होती. प्रतीक्षेचा काळ पाच वर्षांत एका वर्षावरून तीन वर्षांवर गेला होता. उलट बाजूस संस्थांत राहणारी, दत्तक देण्याजोगी समजली जाणारी अनाथ, टाकलेली वा स्वाधीन केलेली मुले होती ६,९९६. आणि त्यांपैकी बालकल्याण समित्यांनी कायदेशीररीत्या 'मुक्त' घोषित केलेली केवळ २,४३०. वर्तमानपत्रांनी यांतील पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी शेजारी मांडून 'मुलांचा तुटवडा' असा मथळा दिला. मधल्या आकड्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ६,९९६ मधून २,४३० वजा केले की ४,५६६ उरतात. ही मुले पालक नाहीत म्हणून संस्थेत राहिली नव्हती. त्यांच्या नावाचा एक कागद झालेला नव्हता म्हणून राहिली होती. खरी रांग येथे आहे. पालकांची रांग दिसते, कारण पालकांना तोंड आहे, संगणकावरील अनुक्रमांक आहे, मतही आहे. ही दुसरी रांग दिसत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या दुसऱ्या रांगेचे एक वैशिष्ट्य ताबडतोब जाणवावे. रेशनच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या माणसाला उशिरा साखर मिळाली तरी ती साखरच असते. येथे तसे नाही. बहुतेक दांपत्यांना दोन वर्षांच्या आतले, निरोगी मूल हवे असते. सहा महिन्यांचे बाळ कागदाअभावी संस्थेत पडून राहिले आणि चौथ्या वर्षी मुक्त झाले, तर दरम्यान त्याची रांगच बदललेली असते : ज्याच्यासाठी शेकडो घरे खुली होती, त्याच्यासाठी आता मोजकी उरतात. म्हणजे विलंब हा पालकांना सोसावा लागतो आणि मुलांना तो भरावा लागतो, कायमचा. 'मोठ्या मुलांना कोणी घेत नाही' असे आपण हळहळून म्हणतो, तेव्हा त्यांतील काही मुले आपल्याच यंत्रणेने मोठी केलेली आहेत, हे विसरतो.

कायदा याबाबत ढिला आहे असेही नाही. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने मुदती घालून दिल्या आहेत. टाकलेल्या वा अनाथ बालकाबाबतची चौकशी, ते दोन वर्षांपर्यंतचे असल्यास दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असल्यास चार महिन्यांत पुरी झाली पाहिजे. आईने स्वतः मूल स्वाधीन केले असेल तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. प्रत्येक बालकल्याण समितीवर एक अध्यक्ष व चार सदस्य, महिन्यातून किमान वीस दिवस बैठक, तिच्या कामाचा जिल्हाधिकाऱ्यांकडून दर तिमाहीस आढावा, हे सर्व लिहिलेले आहे. लिहिलेले नाही ते एवढेच की हे करण्यासाठी माणसे कोठून यायची. नेमणुका रखडतात, मानधनावर काम चालते, आणि पोलिसांचा 'पालक सापडत नाहीत' असा दाखला येईपर्यंत बाळाचे दात येतात.

आता घराच्या चौकशीकडे वळू. तिला नियमांच्या भाषेत गृहअभ्यास अहवाल म्हणतात. १ ऑगस्ट २०१५ पासून पालकांची नोंदणी व क्रमवारी सर्वस्वी केंद्रीय संगणकावर गेली. मूल सुचविले जाते तेही संगणकावर, आणि ते राखून ठेवण्यास पालकांना ४८ तास मिळतात. घराची पाहणी मात्र संगणक करू शकत नाही. ती विशेष दत्तक संस्थेच्या किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समाजसेवकाने प्रत्यक्ष जाऊन करावयाची असते. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे कागदपत्रे दिल्यापासून ६० दिवसांत अहवाल व्हावा, आणि तो तीन वर्षे ग्राह्य धरला जावा. साहजिकच प्रतीक्षा तीन वर्षांच्या पुढे गेली की अहवाल शिळा होतो आणि सारी तपासणी पुन्हा.

आमचा सोलापूर जिल्हा अकरा तालुक्यांचा. एका टोकाला करमाळा, दुसऱ्या टोकाला कर्नाटकाच्या सीमेवरचे अक्कलकोट. या पसाऱ्यात बालविवाह थांबविणे, हरवलेली मुले शोधणे, अत्याचाराच्या प्रकरणांत बालकासोबत न्यायालयात उभे राहणे ही कामे जी कंत्राटी माणसे करतात, त्यांच्याच हाती ही घरभेटही येते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे उदाहरण सांगतो. सुताच्या एका पेढीवर हिशेबनीस, पत्नी शिवणकाम करते, तालुक्याच्या गावी दोन खोल्या. समाजसेविका येणार म्हणून शेजाऱ्यांकडून दोन खुर्च्या मागून आणल्या होत्या. बाई एस.टी.ने दुपारी चारला पोचल्या आणि परतीच्या गाडीसाठी पावणेपाचला उठल्या. स्वयंपाकघर पाहिले, पासबुक पाहिले, पगाराचा दाखला मागितला. पगार हातावर मिळणाऱ्या माणसाने दाखला आणायचा कोठून? तहसील कचेरीचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र मिळविण्यात पुढे दीड महिना गेला. पण मला खटकले ते निराळेच. मूल मोठे झाल्यावर त्याला त्याच्या जन्माविषयी काय सांगणार, घरातील वडीलधाऱ्यांचा विचार काय, मूल चार-पाच वर्षांचे व मुके-मुके असे आले तर पहिले सहा महिने कसे काढणार, यांतील एकही प्रश्न त्या दोघांना विचारला गेला नाही. त्या बाईंचा मी दोष मानत नाही. पाऊण तासात जे विचारता येते ते त्यांनी विचारले.

म्हणजे पाहा, आपल्याकडे ही चौकशी एकाच वेळी फार लांब आणि फार तोकडी आहे. तिचा वेळ वाट पाहण्यात जातो, पाहण्यात जात नाही. आणि तोकड्या पाहणीचा परिणाम दिसूनही आला आहे : माहितीच्या अधिकारात 'कारा'ने दिलेल्या आकड्यांनुसार २०१७ ते २०१९ या काळात दत्तक गेलेल्या ६,६५० मुलांपैकी २७८ मुले पालकांनी परत केली. चार टक्के हे प्रमाण कारखान्यातील सदोष मालाचे म्हणून कोणी क्षम्य मानील. एकदा टाकले गेलेले मूल दुसऱ्यांदा टाकले जाणे याला प्रमाणाचा हिशेब लावता येत नाही. जे लोक घराची चौकशी रद्द करा म्हणतात, त्यांनी या २७८ मुलांविषयी काही बोलावे.

चौकशीला वर्गाचाही एक पदर आहे. उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड, वैद्यकीय प्रमाणपत्र, संगणकावरील अर्ज, अहवालापोटी सहा हजार रुपये : नोकरदार मध्यमवर्गीयाला यात काही जड नाही. विडी वळणाऱ्या बाईला, यंत्रमागावरच्या विणकराला ही पायरीच उंच पडते. कायदा गरिबाला मनाई करीत नाही, कागद करतो. परिणामी कामगार वस्तीतील निपुत्रिक जोडपे पूर्वापार रीतीने भावाचे वा बहिणीचे मूल घेते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली त्यासाठी ना घराची पाहणी लागते, ना रांग. संस्थेतील मूल कोणत्या घरात जाणार हे अशा रीतीने आधीच ठरून जाते. कुंभारीच्या कामगार वसाहतीतील एखाद्या घरात ते आनंदाने वाढले नसते असे कोणी म्हणू शकेल काय?

या जिल्ह्याला हा विषय अनोळखी नाही. महाराष्ट्रात दत्तक म्हणजे दीर्घकाळ गादी व वतन यांचा प्रश्न होता. अक्कलकोटचे संस्थान छत्रपती शाहूंनी जवळ केलेल्या राणोजी लोखंडे यांच्यापासून, म्हणजे फत्तेसिंह भोसल्यांपासून, सुरू झाले. आणि दत्तक नामंजूर करूनच डलहौसीने १८४८ साली सातारा खालसा केला. मुलाच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहणारी दृष्टी आणली ती जोतीराव व सावित्रीबाईंनी. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, पुढे आपला मुलगा केले. त्यानंतर बारा वर्षांनी, १८७५ साली, पंढरपुरात सबजज्ज असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाने तसेच गृह सुरू केले. पंढरपूरच का? कारण वारीच्या गर्दीत येऊन गुपचूप बाळंत होणाऱ्या आणि चंद्रभागेच्या काठी मूल ठेवून जाणाऱ्या अभागी स्त्रियांची वाट त्या क्षेत्री येत होती. तीच संस्था आज नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखली जाते. त्या काळी सरकार या कामात जवळजवळ नव्हते; समाजाच्या शिव्या खाऊन मूठभर माणसांनी ते केले. आज सरकार आहे, कायदा आहे, प्राधिकरण आहे, आणि तरी शेवटी काम पुन्हा संस्थांच्या व कंत्राटी समाजसेविकांच्या जिवावरच चालावे, ही प्रगती म्हणावी की परतीचा प्रवास?

आपल्या चळवळीचा हात याबाबतीत अगदी स्वच्छ नाही, हेही नमूद केले पाहिजे. सर्व धर्मीयांना लागू होणारे दत्तक विधेयक १९७२ साली राज्यसभेत मांडले गेले होते. ते मागे घेतले गेले १९७८ साली, जनता पक्षाच्या राजवटीत, ज्या मंत्रिमंडळात आपले नेते बसले होते. १९८० साली मुस्लिम समाजाला वगळून नवे विधेयक आले, तेही तडीस गेले नाही. दरम्यान मुसलमान, ख्रिस्ती, पारशी दांपत्याला १८९० च्या कायद्याखाली नुसते पालकत्व मिळे. मूल त्यांचे होत नसे. बालन्याय कायद्याने ते दार उघडले आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क धर्मनिरपेक्ष असल्याचे स्पष्ट केले. मतांच्या भीतीने टाळलेले काम न्यायालयाकडून करून घ्यावे लागले.

आता घातकपणाचा मुद्दा. 'पुरवठा वाढवा' असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा मुले येतात कोठून, हे आधी विचारले पाहिजे. ती येतात फसवल्या गेलेल्या अविवाहित मुलींकडून, टाकलेल्या बायकांकडून, कर्जाने व दुष्काळाने पिचलेल्या घरांतून. दत्तकाच्या मागणीवरचा पहारा उठला की पैसा याच घरांकडे वळतो. ही कल्पना नव्हे. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली जे नियम घालून दिले, त्यांतूनच आजची गृहअभ्यासाची पद्धत रुजली. त्यानंतरही पुण्यातील एका संस्थेबाबत उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाला चौकशी करावी लागली. केवळ दारिद्र्यामुळे मूल सोडावे लागणाऱ्या आईला राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपयांचा आधार वेळेवर मिळाला, तर पालकांची रांग वाढेल. वाढू द्यावी. आईजवळ राहू शकणारे मूल रांग कमी करण्यासाठी नसते.

सरकारने मध्यंतरी एक सुधारणा केली. न्यायालयांत दत्तकाची प्रकरणे तुंबतात म्हणून, जुलै २०१८ मध्ये अशी ६२९ प्रकरणे होती, १ सप्टेंबर २०२२ पासून अंतिम आदेशाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. प्रलंबित प्रकरणे वर्ग करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम स्थगिती दिली आणि काही पालक त्या गोंधळात लोंबकळले. निवडणूक, टंचाई, आषाढीचा बंदोबस्त यांतून आमच्या जिल्हाधिकाऱ्यांना सवड किती, हा वेगळा प्रश्न. मुख्य गोष्ट ही की शेवटच्या खिडकीवरचा कारकून बदलल्याने पहिल्या खिडकीवरची रांग हलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात दत्तक संस्था उभारण्याचे व संस्थांतील मुलांची दर दोन महिन्यांनी शोधमोहीम घेण्याचे आदेश दिले, तेव्हा कोठे हालचाल झाली. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तके झाली, २०२१-२२ मध्ये ती ३,४०५ होती. कायदा तोच, पालक तेच. मुलांची नावे वहीत चढली एवढाच फरक.

तेव्हा मागणी काय करावयाची? चौकशी राहू द्या, तिला माणसे द्या : दत्तकाच्याच कामासाठी नेमलेले, कायम नोकरीतले, प्रवासखर्च मिळणारे समाजसेवक प्रत्येक जिल्ह्यात हवेत. उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी असंघटित कामगाराच्या बाबतीत कामगार मंडळाची नोंद किंवा प्रत्यक्ष पाहणी ग्राह्य धरावी. मुदत ओलांडलेल्या प्रत्येक बालकाच्या प्रकरणात विलंबाचे कारण बालकल्याण समितीने लेखी नोंदवावे.

हे मुंबई-दिल्लीतून होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारावेत : आपल्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या गेल्या वर्षात किती बैठका झाल्या आणि किती पदे रिकामी आहेत, संस्थांतील किती बालकांची चौकशी दोन वा चार महिन्यांची मुदत उलटूनही पुरी झालेली नाही आणि आज त्यांची वये काय, कागद मिळाल्यापासून घरभेटीचा अहवाल पुरा होण्यास सरासरी किती दिवस लागले. मुलांची नावे मागू नयेत, ती उघड करणे गुन्हा आहे आणि योग्यच आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आलेली उत्तरे जिल्हावार याच पानावर छापण्याची व्यवस्था संपादकांनी करावी, अशी माझी सूचना आहे.