भंगार कुणाला म्हणता?

आमच्या घरी २००९ सालचा एक संगणक आहे. सुरू होताना पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, पण दळण एकदा लागले की थांबत नाही. विंडोज १०ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सोय याच्यात नाही. दुकानदाराने पेटी न उघडताच निकाल दिला, "काका, भंगारात द्या. नवा घ्या!"

अहो, डॉक्टरसुद्धा नाडी पाहिल्याशिवाय ‘नातेवाइकांना कळवा’ म्हणत नाहीत!

मग मी हट्टाने लिनक्स मिंट घालायचे ठरवले. त्याला पुरणारी ४ जीबी मेमरी आमच्याकडे होती. उतरवून घ्यायला गेलो, तर कुठल्याच साइटचे प्रमाणपत्र याला मान्य नाही. का? तर याच्या मते आज १ जानेवारी २००९! पुढच्या तारखेचे प्रमाणपत्र शहाणा माणूस तरी मानील का? तारीख दुरुस्त केली, पेनड्राइव्ह तयार केला, बायोसमध्ये शिरून ‘हार्डडिस्कच्या आधी पेनड्राइव्ह वाच’ असे बजावले, आणि रात्री सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले. सकाळी गडी सगळे विसरलेला! तारीख पुन्हा २००९, पेनड्राइव्हची ओळखही नाही. असे तीन दिवस चालले.

चौथ्या दिवशी पेटी उघडली. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल होता. वीज बंद असताना तारीख आणि बायोसमधल्या सूचना हाच ३ व्होल्टचा जीव सांभाळतो. तो संपला होता. दोन वडापावांच्या पैशांत नवा बसवला आणि त्याच संध्याकाळी मिंट विनातक्रार चढले. हा मजकूर त्याच यंत्रावर टंकलेला आहे.

मदरबोर्डच जळाला असता तर मीही हात जोडले असते. माझे भांडण आहे ते पेचकस हातात घेण्याआधी ‘नवा घ्या’ म्हणणाऱ्या जिभेशी. दुरुस्ती हा शब्द आपण विसरलो, आणि वर विसरभोळा कोण, तर म्हणे संगणक!

शिवाय यात माझा थोडा स्वार्थही आहे. काल सांगितलेले आज विसरणारे आणि जुन्या सालातच रमणारे आणखी एक यंत्र आमच्या घरात आहे. ते सध्या हा लेख लिहीत आहे. त्याच्याविषयी निकाल देण्याआधी घरच्यांनी कृपया सेल तेवढा तपासावा.