नावापुरता पत्ता

"मॅक्रोमध्ये नाव बरोबर दिलंय. तेच नाव हाताने टाईप केलं की लगेच येतं. कोडमधून मात्र रिझॉल्व्ह होत नाही. काय करू?"

आउटलुकचं व्हीबीए येतं अशी ऑफिसात एकदा ख्याती झाली की हा प्रश्न पाठ सोडत नाही. विचारणारा बहुतेक वेळा एचआर, फायनान्स नाहीतर अ‍ॅडमिनमधला असतो. एक्सेलच्या शीटमध्ये दीड-दोनशे नावं असतात आणि आज संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला वेगळी मेल जायला हवी असते. माझं उत्तर हल्ली ठरलेलं आहे: रिझॉल्व्ह झालं नाही ना? बरं झालं!

लोकांना हा खवचटपणा वाटतो. पण मी अगदी मनापासून सांगतो. ज्या दिवशी रिझॉल्व्ह होत नाही, त्या दिवशी फार तर मेल जात नाही. काळजी करायची ती ज्या दिवशी ते होतं त्या दिवसाची.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. आउटलुकमध्ये ज्याला मेल पाठवायची तो म्हणजे रेसिपियंट. तो नुसत्या नावावरूनही तयार करता येतो. मग त्याची रिझॉल्व्ह ही मेथड बोलवायची. ती अ‍ॅड्रेस बुकात शोधते आणि ट्रू किंवा फॉल्स असं एका शब्दात उत्तर देते. फॉल्स म्हणजे या नावाचं कोणीच नाही, की या नावाचे चौघे आहेत? ते ती सांगत नाही. आणि ट्रू म्हणजे? इथेच सगळी गोम आहे. ट्रूचा अर्थ "तुम्हाला हवा तो माणूस सापडला" असा नाही. "या अक्षरांशी जुळणारी एक नोंद सापडली" एवढाच आहे. या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे ते बघा, आणि मग आपले मॅक्रो कुठल्या वाक्यावर विसंबून चालतात ते बघा.

कंपनीच्या डिरेक्टरीतल्या या शोधाला म्हणतातच मुळी अँबिग्युअस नेम रिझोल्यूशन. संदिग्ध नावांचा उलगडा! ज्यांनी बनवलं त्यांनी नावातच कबुली देऊन ठेवलीय. हा शोध सुरुवातीची अक्षरं जुळली तरी समाधान मानतो. दोन शब्द दिले तर एक पहिल्या नावाशी आणि दुसरा आडनावाशी लावून बघतो, मग उलटही लावून बघतो. आणि तो फक्त नावाचा रकाना पाहत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत मूळ सेटिंगप्रमाणे या शोधात लॉगिनचं नाव, मेलचे पत्ते आणि चक्क ऑफिसचं ठिकाणही येतं. म्हणजे तुम्ही "कर्वे" शोधायला सांगितलंत आणि कंपनीचं एक ऑफिस कर्वे रोडला असलं, तर आडनावाने कर्वे असलेल्या एकट्या माणसाबरोबर त्या ऑफिसातला शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येक जण उमेदवार. आता सांगा, तुमच्या कोडमध्ये चूक कुठे आहे ते शोधून काय सापडणार?

याहून वाईट म्हणजे हे उत्तर काळाप्रमाणे बदलतं. समजा शीटमध्ये "अमित कुलकर्णी" आहे. मार्चमध्ये कंपनीत एकच अमित कुलकर्णी आहे, मॅक्रो मस्त चालतो. जूनमध्ये तो नोकरी सोडतो, त्याचं खातं बंद होतं, शीटमधलं नाव काढायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. जुलैमध्ये दुसऱ्याच विभागात नवा अमित कुलकर्णी रुजू होतो. ऑगस्टमध्ये मॅक्रो पुन्हा चालतो. रिझॉल्व्ह? ट्रू. एरर? नाही. पहिल्या अमितच्या फुल अँड फायनलचा हिशोब दुसऱ्या अमितच्या इनबॉक्समध्ये. कोडची एक ओळ बदललेली नाही, आणि कोणालाही कळलेलं नाही.

मग हाताने टाईप केल्यावर बरोबर कसं येतं? कारण तिथे दोन गोष्टी असतात ज्या मॅक्रोकडे नसतात. टाईप करताना खाली जी यादी उघडते ती तुम्ही आधी ज्यांना मेल पाठवल्यात त्यांची आठवण असते, अ‍ॅड्रेस बुक नसतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तुमचे डोळे. चार अमित दिसले तर तुम्ही विभाग बघता, ऑफिस बघता, "हा नव्हे, तो चष्मेवाला" असं मनात म्हणता आणि निवडता. नावावरून शोधणं हे मुळात माणूस आणि यंत्र यांच्यातलं संभाषण आहे. यंत्र विचारतं, "यातला कोणता?" आणि माणूस सांगतो, "हा." मॅक्रोमध्ये आपण त्यातला माणूस काढून टाकतो आणि अर्ध्या संभाषणाकडून पूर्ण उत्तराची अपेक्षा ठेवतो.

त्यात हे उत्तर मशीनप्रमाणेही बदलतं. कुठली यादी आधी तपासायची हा क्रम प्रत्येकाच्या आउटलुकमध्ये वेगळा ठेवता येतो. तुमच्याकडे कंपनीची यादी आधी, माझ्याकडे खासगी कॉन्टॅक्ट्स आधी; तोच मॅक्रो, तेच नाव, दोन वेगळी माणसं. कॅश्ड मोडमध्ये आउटलुक अ‍ॅड्रेस बुकाची स्वतःजवळची प्रत वापरतं आणि ती साधारण चोवीस तासांतून एकदा ताजी होते. म्हणून काल रुजू झालेली मुलगी आज "सापडत नाही" आणि परवा आपोआप सापडते. मधल्या काळात कोणीतरी कोडमध्ये काहीतरी बदललेलं असतं आणि श्रेय त्या बदलाला मिळतं!

आपल्याकडच्या नावांचं तर विचारूच नका. दीक्षित हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात ते मोजा. कोणी वडिलांचं नाव मध्ये घालतं, कोणी नुसतं आद्याक्षर. दक्षिणेकडच्या सहकाऱ्यांची आद्याक्षरं कधी पुढे, कधी मागे. डिरेक्टरीत आडनाव आधी आणि स्वल्पविराम असेल, आणि कोणी आउटलुकमध्ये स्वल्पविरामाला दोन नावांमधला विभाजक मानायची खूण करून ठेवली असेल, तर एका माणसाचे दोन तुकडे होतात. लग्नानंतर एखादीने आडनाव बदललं की डिरेक्टरीतलं नाव बदलतं आणि मॅक्रो तिला विसरतो. गंमत म्हणजे आयटीवाले सहसा तिचा जुना मेल पत्ता चालू ठेवतात. पत्त्यावर पाठवली असती तर मेल निमूट पोचली असती.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीत (नाव घेत नाही) इन्क्रिमेंटची पत्रं अशीच मॅक्रोने गेली. एका मुलीचं पत्र तिच्याच नावाच्या, दुसऱ्या शहरातल्या बाईंना मिळालं. तेच पद, तेवढाच अनुभव, आणि पगारात फरक. त्या बाईंनी ते वाचलं आणि सरळ आपल्या मॅनेजरला विचारलं. रास्त प्रश्न होता, पण तो असा निघायला नको होता. जिचं पत्र होतं तिला आपला पगार भलत्याच कोणाला आधी कळल्याचं चार दिवसांनी समजलं. मेल रिकॉल करून पाहिली म्हणे. वाचलेला आकडा कसा रिकॉल करणार? नंतर मला तो मॅक्रो "जरा बघायला" बोलावलं. मी म्हणालो, शीटमध्ये एम्प्लॉयी नंबर आणि मेल पत्ता असे दोन कॉलम घाला. उत्तर आलं, "अहो, नावं आहेत की! इतकी वर्षं चाललंय."

इतकी वर्षं चाललंय हा पुरावा नाही. आत्तापर्यंत कोणी तक्रार केली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या प्रश्नावर जे तोडगे सुचवले जातात त्यांचा मला खरा राग आहे. दोन सेकंद थांबून पुन्हा रिझॉल्व्ह करा. सेंडकीज वापरून कोडमधूनच कंट्रोल-के दाबा. आणि सगळ्यांचा बाप: वर ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट लिहा. हा शेवटचा काय करतो ते सांगतो. नाव सापडलं नाही तर त्या रेसिपियंटची अ‍ॅड्रेसएंट्री मागताना एरर येते. एरर गिळली, की तुमच्या व्हेरिएबलमध्ये नवीन काही बसत नाही. मागच्या फेरीतला माणूस तिथेच राहतो. आता लूपमधली पुढची ओळ त्याच व्हेरिएबलमधून पत्ता उचलते. झालं! सतराव्या माणसाचं पत्र सोळाव्याला. आणि तुम्ही म्हणता, "आता एरर येत नाही, थँक्स हं!"

ही सवय जुनी आहे. १९९९ मध्ये मेलिसा व्हायरसने आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकातल्या पहिल्या पन्नास नोंदींना स्वतःची प्रत पाठवली. २००० च्या मे महिन्यात आयलव्हयूने सगळ्या बुकालाच पाठवली. मग मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी पहारा बसवला: बाहेरचा प्रोग्रॅम पत्त्यांना हात लावू लागला की आउटलुक विचारायचं, परवानगी द्यायची का? लोकांनी काय केलं? ते "हो" बटण आपोआप दाबणारे छोटे प्रोग्रॅम शोधून बसवले. यंत्राने प्रश्न विचारला की त्याचं तोंड दाबायचं, ही आमची ट्रबलशूटिंगची व्याख्या.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. "लोकांना पत्ते पाठ नसतात, नावं माहीत असतात. शीट भरणारा माणूस नावच लिहिणार." कबूल. लिहू दे की. पण नावाचं पत्त्यात रूपांतर एकदाच करा, माणसाच्या डोळ्यांसमोर करा, आणि आलेला पत्ता साठवून ठेवा. दर महिन्याला, कोणी बघत नसताना, नव्याने अंदाज का बांधायचा?

आपल्या पोस्टाने हा धडा कधीच गिरवलाय. वडगाव म्हटलं तर कुठलं? मावळातलं, शेरी की बुद्रुक? नुसत्या पुण्याच्या आसपास ही गत, तर देशाची काय असेल. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला तो याचसाठी: गावांची नावं सारखी, लिहिण्याच्या भाषा अनेक, पत्ते अर्धवट. ती पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारा हा माणूस. शब्दांवर एवढं प्रेम, पण पत्र पोचवायची वेळ आली तेव्हा त्यांनी सहा आकडे निवडले. त्यांनी गावाचं नाव पुसलं नाही, ते पाकिटावर राहिलंच. फक्त ओळख पटवायचं ओझं नावावरून काढून घेतलं.

तेच इथे करायचं आहे, आणि फार काम नाही. शीटमध्ये पूर्ण मेल पत्ता ठेवा. नाव फक्त "नमस्कार अमित" लिहायला वापरा. पत्तासुद्धा काही ठिकाणी जुन्या माणसाचा नव्याला देतात, म्हणून एम्प्लॉयी नंबर ठेवा आणि पाठवण्याआधी एचआरच्या ताज्या यादीशी ताडून बघा. रिझॉल्व्हऑल वापरू नका, ते सगळ्यांचं मिळून एकच हो-नाही देतं; एकेकाला वेगळं तपासा. रिझॉल्व्ह झाल्यावर गेटएक्स्चेंजयूजर मागा (२००७ पासून ही सोय आहे), ते नथिंग नाही ना बघा, त्यातून प्रायमरी एसएमटीपी पत्ता काढा आणि शीटमधल्या पत्त्याशी जुळवा. नुसतं अ‍ॅड्रेस मागितलंत तर एक्स्चेंजमधल्या माणसाचा एक्स-५०० पद्धतीचा लांबलचक अंतर्गत पत्ता हातात येतो, त्याला घाबरू नका आणि त्याच्याशी तुलनाही करू नका. जुळलं नाही तर सेंड नाही, डिस्प्ले. मेल उघडून ठेवा, माणसाला बघू दे.

"नव्या आउटलुकमध्ये व्हीबीएच नाही, मग हा विषय संपला" असंही ऐकतो. संपला कुठला! ग्राफ एपीआयला नावाने विचारलंत तर यादी येते, आणि घाईतला इंजिनीयर त्या यादीतला शून्य क्रमांकाचा माणूस उचलून मोकळा होतो. तिथे प्रत्येकाला न बदलणारा आयडी दिलेला आहे, तो वापरायचा कंटाळा. हत्यार नवं, खोड जुनी.

आणि हा नुसता नीटनेटकेपणाचा मुद्दा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा भंगाची जी व्याख्या आहे, तिच्यात माहिती चुकून उघड होणंही येतं. "मॅक्रोने पाठवली" हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. मॅक्रो कोणाला ओळखत नाही.

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की आपल्या जुन्या मॅक्रोंमध्ये रिझॉल्व्ह हा शब्द शोधा. त्याच्या आसपास ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट दिसलं तर आधी ते काढा. एरर येतील. येऊ द्यात. त्यातली प्रत्येक एरर म्हणजे भलत्याच्या दारात पडता पडता वाचलेलं एक पत्र आहे.