व्हीटीला उतरणाऱ्या आपल्या माणसासाठी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडी अजूनही असलेल्या व्हीटीवर, माहितीपुस्तकांची कमतरता नाही. बहुतेकांत तीच माहिती असते. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टिव्हन्स, १८७८ साली सुरू झालेले बांधकाम, १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले नाव, घुमटावरचा प्रगतीचा पुतळा, फाटकावरचे सिंह आणि वाघ, १९९६ सालचे नामांतर, २००४ साली युनेस्कोने दिलेला जागतिक वारशाचा दर्जा. हे सारे खरे आहे आणि इमारत पाहण्यासारखीही आहे. पण ही पुस्तके कोणासाठी लिहिली जातात? गळ्यात कॅमेरा अडकवून इमारत पाहायला येणाऱ्यासाठी. गाडीतून उतरणाऱ्यासाठी नव्हे.

नांदेडकडून नंदीग्रामने, नागपूरकडून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने, सोलापूरहून सिद्धेश्वरने जो माणूस इथे उतरतो, तो घुमट पाहायला आलेला नसतो. त्याच्या पिशवीत टाटा हॉस्पिटलची फाईल असते. कोणाकडे मंत्रालयात द्यायचा अर्ज असतो, कोणाच्या खांद्यावर आझाद मैदानातल्या मोर्चाचा निळा झेंडा असतो. त्याला हवे असते एवढेच: बाहेर कोणत्या बाजूने पडायचे, लोकल कोणती धरायची, टॅक्सीवाला सांगतो ते भाडे खरे की खोटे. हे सांगणारे पुस्तक कोणी लिहीत नाही, कारण ज्याला त्याची गरज आहे त्याला वाचक म्हणून कोणी मोजतच नाही.

आपल्या चळवळीला हा प्रश्न किरकोळ वाटू नये. स्टेशनवर उतरल्यावर माणूस एकटा पडला की त्याचे काय होते, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९०१ साली ते, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशन मास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. पैसे असूनही एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर गाडी मिळाली. त्या रात्री त्यांना प्यायला पाणीदेखील मिळाले नाही.

रेल्वेच्या डब्यात त्या मुलांना कोणी अडवले नव्हते. तिकीट काढले, जागा मिळाली. रेल्वे संपली आणि जात सुरू झाली ती फलाटाच्या दारात. आज कायदा आपल्या बाजूने आहे, स्टेशन मास्तर जात विचारत नाही. पण परक्या शहरात उतरलेल्या गरीब माणसाला कपड्यांवरून, बोलीवरून ओळखणारे आणि त्याच्या अज्ञानावर पोट भरणारे फलाटाच्या दारात आजही उभे असतात. दुप्पट भाडे आजही त्याच्याकडूनच घेतले जाते. माहिती हे त्यावरचे पहिले हत्यार आहे. म्हणून जे माहीत आहे ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट तिकिटावरची. "मुंबई" म्हणजे व्हीटीच असे नाही. काही गाड्या दादरला, काही कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला, काही मुंबई सेंट्रल, वांद्रे किंवा पनवेलला संपतात. न्यायला येणाऱ्याला स्टेशनचे पूर्ण नाव आधीच कळवावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी येणाऱ्यांनी व्हीटीपर्यंत न येता दादरलाच उतरावे आणि पश्चिमेला बाहेर पडावे. दादरच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलले आहेत. मध्य रेल्वेचे फलाट आता ८ पासून सुरू होतात, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबू नये.

व्हीटीला एकूण १८ फलाट आहेत. १ ते ७ लोकलचे, ८ ते १८ बाहेरगावच्या गाड्यांचे. लोकलमध्ये १ आणि २ हार्बरचे, म्हणजे वडाळा, कुर्ला, पनवेलकडे जाणारे, तर ३ ते ७ मुख्य मार्गाचे, म्हणजे दादर, ठाणे, कल्याणकडे जाणारे. इंडिकेटरवर गाडी धीमी की जलद हे पाहूनच चढावे. केईएम, वाडिया आणि टाटा हॉस्पिटलसाठी परळला उतरायचे असते, त्यासाठी धीमी लोकल धरावी. डब्यात शिरण्यापूर्वी त्यावर लिहिलेला वर्ग वाचावा. साध्या तिकिटावर पहिल्या वर्गात चढलेल्या नवख्या माणसाला दंड भरावा लागतो आणि "माहीत नव्हते" हे उत्तर तिथे चालत नाही.

१८ नंबरच्या बाजूने बाहेर पडले की पी. डिमेलो रोड लागतो. सेंट जॉर्ज हॉस्पिटल त्याच बाजूला, स्टेशनला लागूनच आहे. पुढच्या बाजूने बाहेर पडले की समोर महापालिकेची इमारत आणि जवळच आझाद मैदान. कामा हॉस्पिटल आणि जी. टी. हॉस्पिटलही पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मंत्रालयात जायचे असेल तर बेस्टची बस आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही सुरू झाली आहे. तिने विधान भवन स्टेशनला उतरले की मंत्रालय जवळ पडते.

बाहेर पडून रिक्षा शोधू नये. मुंबई शहराच्या या भागात रिक्षाला परवानगीच नाही, फक्त टॅक्सी आहे. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने चालते. मीटर टाका असे सांगणे हा उपकार मागणे नव्हे, तो हक्क आहे. हमालीचे दर रेल्वेने ठरवलेले असतात. ओझे उचलायला देण्यापूर्वी दर विचारून घ्यावा, पण कष्टकऱ्याशी घासाघीस करताना तोही आपल्यातलाच आहे हे विसरू नये. सामान ठेवायला क्लोक रूम आहे. तिथे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप लागते, म्हणून घरून निघतानाच एक लहान कुलूप सोबत घ्यावे.

परतीच्या वेळी जनरल डब्यात जागा पकडून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. जनरलची जागा रांगेतल्या माणसाची असते. तक्रार असो, चोरी असो, गाडीत बाईमाणसाला कोणी त्रास देत असो, १३९ हा एकच क्रमांक लक्षात ठेवावा. मूल चुकले तर १०९८. हे दोन आकडे मुलींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावेत.

आणि गाडीला वेळ असेल तर इमारत जरूर पाहावी, पण आपल्या डोळ्यांनी. १६ एप्रिल १८५३ रोजी इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली. हीच रेल्वे पुढे घाट चढून पुण्याकडे गेली, तेव्हा बोरघाट फोडताना हजारो मजूर मेले. त्यांचे नाव कोणत्याही घुमटावर नाही. स्टेशनपासून थोड्या अंतरावर, धोबीतलाव भागात, एल्फिन्स्टन हायस्कूल आहे. तिथे शिकून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. दुसऱ्या अंगाला फोर्टमध्ये आनंद भवन आणि बुद्ध भवन आहेत. १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाची ही वास्तू. मसूरच्या फलाटावर ज्या मुलाला कोणी गाडी दिली नाही, त्याने देशाच्या सर्वांत दिमाखदार स्टेशनच्या सावलीत आपल्या मुलांसाठी कॉलेज उभे केले. हे कोणत्याही पर्यटन पुस्तकात सापडणार नाही. ते आपणच आपल्या मुलांना दाखवायचे आहे.

माहितीने जीव वाचतो, हे याच स्टेशनने पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री इथे अतिरेक्यांच्या गोळ्यांनी पन्नासहून अधिक माणसे मेली. त्यांतले बहुतेक बाहेरगावच्या गाडीची वाट पाहत सामानाशेजारी बसलेले साधे प्रवासी होते. त्या वेळी उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या जागेवरून हलले नाहीत. लोकांनी कसे बाहेर पडावे हे ते माईकवरून सांगत राहिले आणि त्या आवाजाने कित्येकांना वाट दाखवली. नेमक्या वेळी, समजेल अशा भाषेत सांगितलेली चार वाक्ये काय करू शकतात, याला आणखी पुरावा कशाला हवा?

मग रेल्वेकडे आपली मागणी काय असावी? सुशोभीकरणावर कोट्यवधी खर्च करा, आमची हरकत नाही. पण मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेला एक फलक बाहेरगावच्या फलाटांच्या तोंडाशी लावा. त्यावर हॉस्पिटले, मंत्रालय आणि मैदान कुठे, बस आणि मेट्रो कुठून, हमालीचा दर किती, पाणी आणि शौचालय कुठे, हे लिहा. वाचता न येणाऱ्यासाठी बोलून सांगणारा माणूस बसवा आणि तो रात्रीही बसवा, कारण गरिबाची गाडी फार वेळा अवेळीच येते. जनरलचे तिकीट काढणाराही प्रवासीच आहे.

पण मागणी करून थांबणे ही आपली परंपरा नाही. ६ डिसेंबरला आपले कार्यकर्ते दादरला रात्रंदिवस उभे राहतात, पाणी देतात, जेवण देतात, चुकलेल्यांना वाट दाखवतात. ही शिस्त वर्षातून एकदाच का? मुंबईतल्या आपल्या संघटनांनी दोन पानांची छापील माहिती तयार करावी आणि ती गावोगावच्या बुद्ध विहारांत ठेवावी. गावातला कोणी उपचारासाठी वा कामासाठी मुंबईला निघाला की विहारातून तो कागद घेऊन निघेल. त्यावर आपल्या दोन कार्यकर्त्यांचे फोन नंबर असावेत. खर्च फार नाही, इच्छाशक्ती हवी.

मसूरला चार मुलांसाठी स्टेशनवर कोणी आले नव्हते. आज आपल्या माणसासाठी व्हीटीवर कोणी येत नसेल, तर त्याचा दोष मात्र आपल्याला दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

जय भीम!