मंजुरी आधी की आकडे आधी?

आपल्या हैदराबादच्या भारत बायोटेकने २०२४ मध्ये एमटीबीव्हॅक या क्षयरोगाच्या नव्या लशीची प्रौढांवरील चाचणी भारतात सुरू केली. लहानपणी टोचलेली बीसीजी मोठ्या माणसांना फुप्फुसाच्या क्षयापासून पुरेसे संरक्षण देत नाही, म्हणून या चाचणीला महत्त्व आहे. 'लस कधी येणार?' असे सगळेच विचारतात. 'ती तपासली कशी जाणार?' हेही विचारायला हवे. त्यासाठी याच कंपनीच्या दोन जुन्या लशींकडे पाहू.

पहिली रोटाव्हॅक, बाळांच्या जुलाबावरची. १९८० च्या दशकात दिल्लीच्या 'एम्स'मध्ये काही नवजात बाळांना रोटाव्हायरसची लागण झाली, पण ती आजारी पडली नाहीत. त्याच विषाणूपासून लस तयार झाली. आधी थोड्या जणांवर सुरक्षितता पाहिली, मग किती मात्रेने प्रतिकारशक्ती येते ते तपासले. तिसऱ्या टप्प्यात दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू येथील ६,७९९ बाळे होती. काहींना लस, काहींना तसेच दिसणारे पण लस नसलेले थेंब. कोणाला काय मिळाले हे पालकांना माहीत नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. राष्ट्रीय लसीकरणात ती २०१६ मध्ये आली. सुमारे तीस वर्षे गेली.

दुसरी कोव्हॅक्सिन. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू वापरून ती वर्षाच्या आत तयार झाली. तिसऱ्या टप्प्यात सुमारे २५,८०० स्वयंसेवक होते. मात्र ३ जानेवारी २०२१ ला तातडीची मंजुरी जाहीर झाली तेव्हा परिणामकारकतेचे आकडे हाती नव्हते. अंतरिम आकडे मार्चमध्ये आले. शेवटी परिणामकारकता ७७.८ टक्के ठरली. पण मधल्या काळात दिल्लीतल्या काही निवासी डॉक्टरांनीच दुसरी लस मागितली होती.

माणसे मरत होती, घाई समजण्यासारखी होती. तरीही बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला एक गोष्ट खटकते. कर्जदार पुढे चांगला निघाला, म्हणून कागदपत्रांआधी दिलेले कर्ज नियमात बसत नाही. घाईच असेल तर मंजुरी कशाच्या आधारावर दिली, हे त्याच दिवशी लोकांसमोर ठेवायला हवे.

क्षयाच्या लशीला तशी घाई नाही. तिसऱ्या टप्प्याचे आकडे येईपर्यंत थांबता येईल. आपल्यापैकी कोणाला चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले, तर संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागावे, घरच्यांसोबत वाचावे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क आपल्याला आहे.