शाळेच्या सायकलीला तिची वाट द्या

7 ऑगस्ट 2025. आरमोरी-गडचिरोली महामार्गावर काटलीजवळ सकाळी सकाळी सहा मुलं रस्त्याच्या कडेला व्यायाम करत होती. ट्रकने त्यांना चिरडलं. चार मुलं गेली. गावकऱ्यांनी रस्ता अडवला, सरकारने मदत जाहीर केली, वाहतूक पुन्हा सुरू झाली. त्या मुलांची काहीही चूक नव्हती. भरतीसाठी धावायचं, व्यायाम करायचा, शाळेत जायचं, तर आपल्या बहुतेक गावांत डांबरी सडकेशिवाय सपाट जागाच नाही.

शाळेच्या वेळेला याच सडकांवर मुलींच्या सायकली निघतात. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 22 जिल्ह्यांतले 125 मागास तालुके येतात. तिथल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल मिळते. त्याहून लांबच्या मुलींसाठी एसटीच्या निळ्या गाड्या आहेत. राज्याने आखलेल्या सर्वांत शहाण्या योजनांमध्ये मी हिला धरतो. गावातली शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते आणि पुढचा वर्ग शेजारच्या गावात असतो. मुलींचं शिक्षण नेमकं या मधल्या तीन-चार किलोमीटरांत तुटायचं. सायकलीने ते जोडलं. आता तेच पुन्हा तुटायची भीती आहे, कारण सडकेवर ट्रक वाढले की घरात सगळ्यात आधी पोरीची सायकल बंद होते.

सडकेवर उभं राहून एकदा नीट बघा. मागून हॉर्न वाजला की मुलगी हँडल डावीकडे वळवते. डांबर संपतं तिथे साइडपट्टी असते, पण पावसाने मुरूम वाहून गेलेला, त्यामुळे डांबराची कड वीतभर उंच राहिलेली. चाक खाली उतरतं. ट्रक जातो, धुळीचा लोट अंगावर येतो. मग तिला पुन्हा वर चढायचं असतं. चाक त्या कडेला घासत राहतं, कॅरिअरवरचं दप्तर एका बाजूला कलतं, आणि सायकल पडली तर ती सडकेच्याच बाजूला पडते. मागून दुसरा ट्रक येत असतो. पुलावर तर साइडपट्टीही नसते. धानाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल डांबरावर पसरतो आणि घसरण वाढते.

हे ट्रक कुठून आले, ते गडचिरोली जिल्ह्याला सांगायला नको. सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीतलं उत्खनन 2021 पासून जोरात सुरू झालं. 2023 मध्ये वर्षाला 30 लाख टनांची मर्यादा 1 कोटी टनांवर गेली, पुढे आणखी वाढली. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या पट्ट्यातल्या लोकांनी त्या वाहतुकीचा त्रास सोसला आहे आणि आंदोलनंही केली आहेत. आता नवेगाव मोरे, कोनसरी, मुलचेरा, हेडरी, सुरजागड असा खनिज वाहतुकीचा स्वतंत्र महामार्ग मंजूर आहे. तो व्हावाच. जड वाहतूक गावांतून बाहेर पडली तर ते आपल्या हिताचंच आहे. पण खनिजाला स्वतंत्र रस्ता लागतो हे सरकारला पटलं असेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलीलाही तो लागतो हे पटवणं आपलं काम आहे. शिवाय तो महामार्ग झाला तरी आरमोरी, धानोरा, चामोर्शीच्या सडकांवरची वाहतूक थांबणार नाही.

मागणी आटोपशीर आहे. महामार्गाच्या पूर्ण लांबीभर सायकल मार्ग कोणी मागत नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेभोवतीच्या पाच किलोमीटरांत, जिथून मुली सायकलने येतात तेवढ्याच बाजूंना, दोन मीटर रुंदीची वेगळी वाट हवी. सडक आणि वाट यांच्यामध्ये नाली किंवा उंच बांध हवा. नुसता पांढरा पट्टा चालणार नाही, तो ट्रकला अडवत नाही. नाल्यावर छोटा रपटा हवा. तोंडाशी सिमेंटचे खांब असे रोवावेत की सायकल जाईल आणि ट्रॅक्टर अडेल.

बऱ्याच ठिकाणी ही वाट नव्याने शोधावीही लागणार नाही. शेतांमधली पांदण आहे, नहराची पाळ आहे. अनेक पांदणी अतिक्रमणाने आणि झुडपांनी बुजल्या आहेत. त्या मोकळ्या केल्या, मुरूम टाकून दाबला, तर दोन गावं सडकेला न शिवता जोडली जातील. जंगलात मात्र हा हट्ट धरू नये. वाघाचा वावर आहे, आता रानटी हत्तीही आहेत. मुलींना आडवाटेने पाठवणं म्हणजे एका धोक्यातून काढून दुसऱ्यात टाकणं. जंगलपट्ट्यात वाट सडकेला लागूनच, वर्दळीच्या नजरेत असावी आणि दोन्ही बाजूंची झुडपं वरचेवर छाटलेली असावीत.

‘वनजमीन आहे, परवानगी मिळणार नाही’ हे उत्तर तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. ते खोडून काढा. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) मध्ये गावाच्या सोयींसाठी वनजमीन देता येते आणि त्या सोयींच्या यादीत रस्ते आहेत. अटी अशा: प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. दोन मीटर रुंद आणि साडेचार किलोमीटर लांब वाटेला 0.9 हेक्टर जागा लागते. म्हणजे ती या कायद्यात बसते. पैशाचंही तसंच. खाणीच्या उत्पन्नातला वाटा बाधित भागासाठी खर्च करायला 2015 च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान उभं राहिलं आहे. पेसा कायद्याखालच्या गावांना पाच टक्के अबंध निधी मिळतो. मागायला जागा आहेत.

आणखी एक उत्तर येईल, ‘सायकली किती आहेत?’ इंडियन रोड्स काँग्रेसने 1962 मध्ये घातलेला निकष असा होता की तासाला 200 पेक्षा जास्त मोटारगाड्या असतील, तर तासाला 100 सायकलींनाही वेगळा मार्ग योग्य ठरतो. शाळा सुटल्यावरच्या एका तासात फाट्यावर बसून गाड्या आणि सायकली मोजा, शिक्षकांच्या सहीने नोंद ठेवा. आकडा भरला तर तो पुढे करा. नाही भरला, तर किती मुलींनी सायकल सोडली ते घरोघर विचारून लिहा. माझ्या मते तो आकडा जास्त बोलका असेल.

नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. पण 1971 मध्ये तिथल्या रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांच्या हत्या थांबवा असं उघड म्हणू लागले, तेव्हा सरकारने वेगळे मार्ग बांधायला घेतले. आपल्याकडे तर ग्रामसभेच्या जोरावर जिल्ह्यातल्याच मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आहे. साडेचार किलोमीटरची वाट त्याहून अवघड नाही.

येत्या ग्रामसभेत या वाटेचा ठराव मांडा. ठरावात शाळेचं नाव, गावापासूनचं अंतर, सायकलने जाणाऱ्या मुलींची संख्या, वाटेतला पूल किंवा नाला आणि लागणारी जमीन हेक्टरमध्ये लिहा. मुलींना सभेला घेऊन या आणि त्यांना बोलू द्या. त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा त्यांना ठाऊक आहे. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला द्या, सडक महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग विभागालाही. पोच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत प्रत्येक ग्रामसभेत तोच विषय पहिल्या क्रमांकावर घ्या.