कान्हेरीला यंदा पायी जाऊ

दवाखान्यात साखर तपासली, प्रेशर मोजले, गोळ्या लिहून झाल्या, की डॉक्टर शेवटी एक वाक्य जोडतात, "रोज चालायला जात जा." आमचा साधा प्रश्न आहे, कुठे? वस्तीतल्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. पायाखाली गटाराची झाकणे, बाजूला पाण्याची पिंपे, डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी. मोठ्या रस्त्यावर यावे तर फुटपाथ मोटारसायकलींनी अडवलेला. बरी बाग असते ती टॉवरांच्या बाजूला. तिथे आपली बाई साडीवर, पायात स्लीपर घालून फेऱ्या मारायला लागली की बघणाऱ्यांच्या नजरा तिला लगेच कळतात. दोन दिवस जाते, तिसऱ्या दिवशी बंद. गोळ्या मात्र चालू राहतात.

साखर हा श्रीमंतांचा आजार ही समजूत कधीच मागे पडली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. आकडे राहू द्या. रविवारी विहारात वंदनेला आलेल्या पन्नाशीच्या उपासिकांना विचारा, सकाळची गोळी घेऊन किती जणी आल्या आहेत.

यावर घरातूनच एक उत्तर येते, "आमच्या बाया दिवसभर चालतातच की!" पाणी भरतात, चार घरची धुणीभांडी करतात, जिने चढतात-उतरतात. हे सगळे खरे आहे, आणि ती हालचाल शरीराच्या हिशेबात धरलीही जाते. तरी हे उत्तर आम्हाला पटत नाही. कामात पाठ वाकलेली असते, एकाच जागी तासभर उभे राहावे लागते, ओझे एका हातावर येते आणि मनात पुढच्या घराची घाई. अंग मोडून येते, पण दम वाढेलच असे नाही. आरोग्यासाठी चालणे म्हणजे सलग चालणे. हात मोकळे, पाठ ताठ, आणि वेग इतका की शेजारणीशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे आणि शाळकरी मुलांना रोज ६० मिनिटे अशी हालचाल सांगते. शिवाय कामाच्या चालण्यात बाई एकटी असते. नवरा, मुले, सासू बरोबर चालताहेत, कोणी कुणासाठी काही करत नाही, असा तास तिच्या वाट्याला येतो कधी?

म्हणून आमचे म्हणणे असे, की मुंबईच्या उपनगरांतल्या आपल्या घरांनी महिन्यातला एक रविवार कान्हेरीला द्यावा, आणि जायचे ते पायी. कान्हेरी आपल्याला नवी नाही. पण आपण जातो कसे? वर्षातून एकदा, मोठ्या घोळक्याने, फाटकातून बस धरून थेट पायऱ्यांपाशी. ३ नंबरच्या लेण्यातल्या त्या उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो, मग पुलावाचे डबे, की परत बस. पाय चालले किती? लेणी मोजून चार पाहिली, तिथे शंभराहून अधिक आहेत.

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक चालत गाठता येते. तिथून लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटर डांबरी रस्ता आहे, बराचसा झाडांच्या सावलीतून. पुढे पुढे चढ लागतो, तोही एकदम अंगावर येणारा नाही. मुलांना घेऊन, थांबत थांबत गेले तरी दोन तास पुष्कळ झाले. आजी-आजोबांना सगळी वाट चालवण्याचा हट्ट धरू नये. त्यांनी खालच्या सपाट भागात जमेल तेवढे फिरावे आणि उद्यानाच्या बसने वर येऊन भेटावे. उतरताना गुडघे दुखणाऱ्या इतरांनीही बसच धरावी. त्यात कमीपणा काही नाही.

महिन्यातून एकदा चालून साखर उतरत नाही, हे आम्हालाही कळते. पण चौथ्या रविवारी सहा किलोमीटर जायचे ठरले, की आधीचे तीन आठवडे पाय तयार करावे लागतात. मग बाजाराला जाताना एक स्टॉप आधी उतरणे होते. संध्याकाळी विहाराला जाताना लांबचा रस्ता धरला जातो. आणि सगळे घर चालणार असेल तर "तू एकटी कुठे निघालीस?" हा प्रश्न कोणी विचारत नाही.

कान्हेरीच का, असे कोणी विचारेल. जवळ आहे, लोकलने पोहोचता येते, ही कारणे आहेतच. पण तिथे चालणे हे मुळात धम्मजीवनाचा भाग होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासपासून जवळपास हजार वर्षे तिथे भिक्खू राहिले. चंक्रमण, म्हणजे सजग राहून येरझारा घालणे, हा भिक्खूंच्या दिनचर्येतला नेम. अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि साधलेली एकाग्रता जास्त टिकते. आजचे डॉक्टर पहिले चार तरी जवळपास त्याच शब्दांत सांगतात.

आणि ही लेणी काही राजांच्याच पैशाने झालेली नाहीत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने तिथे पाण्याची पोढी दान दिल्याचा शिलालेख आहे. कल्याणच्याच एका लोहाराने वाट दान दिल्याचा लेखही आहे. वाट! भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसाला वाटले, की येणाऱ्या-जाणाऱ्यांना नीट चालता यावे. मुलांना एवढी एक गोष्ट सांगा, ती कातळातल्या पायऱ्या वेगळ्या नजरेने चढतील. डोंगरावरचे पावसाचे पाणी पन्हळी खोदून पोढ्यांमध्ये कसे आणले आहे, तेही दाखवा. दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीतल्या मुलांना ते समजावून सांगावे लागणार नाही.

आता काळजीचे. जंगलात बिबटे आहेत. दिवसाउजेडी, मोठ्या रस्त्याने, मिळून चालावे, लहानग्यांना मागे रेंगाळू देऊ नये. आडवाटेला शिरू नये. शिलोंड्यासारख्या पायवाटांना उद्यानाची परवानगी लागते. माकडे हातातली पिशवी ओढतात, तेव्हा खाणे झाकून ठेवावे. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, तळ गुळगुळीत झालेली चप्पल तिथे दगा देते. एप्रिल-मेमध्ये दगड तापायच्या आत वर पोहोचावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. हात कापू लागले, दरदरून घाम आला तर लगेच साखर किंवा गोड बिस्किट खावे, आणि घरी आल्यावर तळपाय नीट बघावेत, कारण बधिर पायाला फोड आल्याचे कळत नाही. चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टर, मग डोंगर.

खर्चाचा मुद्दाही टाळता येणार नाही. उद्यानाचे तिकीट वेगळे, लेण्यांचे वेगळे. लेण्यांना १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. तरी चार मोठ्या माणसांच्या घराला दर महिन्याला हा खर्च जाणवतो. आमच्या मते विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी मिळून उद्यानाकडे अर्ज द्यावा, की महिन्यातल्या एका रविवारी वस्तीतून पायी येणाऱ्या कुटुंबांना सवलत मिळावी. त्याच अर्जात पिण्याच्या पाण्याची आणि बायकांच्या स्वच्छतागृहांची मागणी वरच्या ओळीत लिहावी. सहा किलोमीटरच्या वाटेवर मध्ये सोय मिळेल याची खात्री नसली, की आपल्या बाया घरून निघतानाच पाणी पिणे सोडतात. उन्हात चालायचे आणि पाणी प्यायचे नाही, हे त्या साखरेच्या आणि प्रेशरच्या बाईला किती महागात पडते, ते अर्जात स्पष्ट शब्दांत मांडावे. अर्जावर सह्या बायकांच्या घ्याव्यात.

अंधेरी, जोगेश्वरी, साकीनाक्याच्या घरांना पहिल्याच वेळी बोरिवली लांब वाटत असेल, तर अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी आहेत. जुने नाव कोंडिविटे. लेणी मोजकीच, आवार लहान, वस्तीला लागून. गुडघे धरलेल्या माणसालाही तिथे तासभर हिंडता येईल. कान्हेरीला निघणाऱ्यांनी सोमवार तेवढा टाळावा, उद्यान बंद असते.